हॉस्पिटलात चॅप्लेन व्हायचं आहे? पहिल्या युनिटची तयारी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांकडून मला वर्षातून चार-पाच वेळा तरी एकच फोन येतो. आई किंवा वडील हॉस्पिटलात होते, एक चॅप्लेन येऊन शेजारी बसले, फारसं काही बोलले नाहीत, पण तेवढ्याने घरच्यांना उभं राहायला बळ आलं. हे काम शिकायचं कुठे? आपण हिंदू आहोत, आपल्याला घेतात का? पौरोहित्य यावं लागतं का?

घेतात. आणि पौरोहित्य यावं लागत नाही. चॅप्लेन हा डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर यांच्याच टीममधला माणूस असतो. आजाराने, अपघाताने, मृत्यूने माणसाच्या आत जी उलथापालथ होते, तिच्याजवळ थांबणं हे त्याचं काम. रुग्ण कुठल्या धर्माचा आहे किंवा कुठल्याच धर्माचा नाही, यावर ते अवलंबून नसतं. मी स्वतः या प्रशिक्षणाची चार युनिटं, म्हणजे चार टप्पे, पूर्ण केली आहेत आणि कॅन्सरच्या वॉर्डात काम करते. सुरुवातीला मला कुणी मराठीतून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी इथे लिहिते आहे.

आधी नावं समजून घ्या

या प्रशिक्षणाला क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन म्हणतात. सगळे सीपीईच म्हणतात. अमेरिकेत केंद्रांना मान्यता देणारी मुख्य संस्था एसीपीई. शिक्षण 'युनिट'मध्ये मोजतात. एक युनिट किमान ४०० तासांचं. त्यातले किमान १०० तास गटात आणि शिक्षकांबरोबर शिकण्याचे, बाकीचा मोठा भाग थेट वॉर्डात.

याची मुळं १९२५ सालच्या उन्हाळ्यात आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर स्टेट हॉस्पिटलात अँटन बॉइसन नावाच्या चॅप्लेननी धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी मनोरुग्णांच्या वॉर्डात कामाला आणले. बॉइसन स्वतः काही वर्षांपूर्वी मानसिक आजारामुळे रुग्ण म्हणून दाखल होते. ग्रंथ जसे वाचता तशीच माणसंही वाचायला शिका, रुग्ण म्हणजे जिवंत दस्तऐवज, असं ते म्हणत. रुग्ण राहिलेल्या माणसाने हे शिक्षण सुरू केलं, ही गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते. पलंगावर पडून छताकडे बघणं काय असतं ते त्यांना ठाऊक होतं.

पहिली पायरी: अर्जाआधी कुठेतरी बसून बघा

थेट अर्ज करू नका. जवळच्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेत, स्वयंसेवक म्हणून नाव द्या. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या नियमानुसार हॉस्पिसना पगारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णसेवेच्या तासांच्या निदान ५ टक्के इतकं काम स्वयंसेवकांकडून करून घ्यावं लागतं, म्हणून त्यांना माणसं हवीच असतात आणि सुरुवातीचं प्रशिक्षणही तेच देतात. आठवड्याला दोन तास, तीन-चार महिने. जिथे काही दुरुस्त करता येत नाही तिथे आपल्याला बसवतं का, हे यातून कळतं. काहींना नाही बसवत, आणि ते आधीच कळलेलं बरं.

दुसरी पायरी: अर्ज आणि मुलाखत

युनिट तीन प्रकारे करता येतं. उन्हाळ्यात दहा-बारा आठवडे पूर्णवेळ. नोकरी सांभाळून काही महिने अर्धवेळ. किंवा वर्षभराची रेसिडेन्सी, जिच्यात तीन-चार युनिटं होतात आणि विद्यावेतन मिळतं. पहिल्या दोन प्रकारांत बहुधा फी भरावी लागते. विद्यावेतनाची रेसिडेन्सी म्हणजे नोकरीच, तेव्हा डिपेंडंट व्हिसावर असाल तर कामाची परवानगी आहे का, हे आधी वकिलाला विचारा.

अर्जात निबंध लिहायचे असतात: तुमची जीवनकहाणी, तुमच्या श्रद्धेचा प्रवास, आणि तुम्ही कुणाला मदत केली असा एखादा प्रसंग. आपली माणसं इथे दोन चुका करतात. एक, जीवनकहाणीचा बायोडेटा करतात: शाळा, इंजिनिअरिंग, एमएस, बढती. दुसरी, श्रद्धेच्या जागी तत्त्वज्ञान लिहितात. अद्वैतावर दीड पान, आणि आजी गेली तेव्हा मला काय झालं यावर एक ओळही नाही. वाचणाऱ्याला ती ओळ हवी असते. घरात दुःखाबद्दल कसं बोलायचे, की बोलायचेच नाहीत? रडणाऱ्याला काय म्हणायचे? देवाचा राग कधी आला होता का? हे लिहा. मदतीच्या प्रसंगात जिथे तुम्ही कमी पडलात तो प्रसंग निवडा. मुलाखतीतही चाचपतात ते हेच: स्वतःकडे बघायची तुमची तयारी आहे का.

निवड झाल्यावर कागदपत्रं: लसी, क्षयाची चाचणी, पार्श्वभूमी तपासणी, रुग्णाच्या गोपनीयतेच्या हिपा कायद्याचं प्रशिक्षण. गोपनीयतेबद्दल एवढंच सांगते, की मराठी समाज इथे छोटा आहे. 'कुणीतरी पुण्याचे काका, बायपास झालेले' एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. घरी नवऱ्याला किंवा बायकोलासुद्धा सांगायचं नाही.

तिसरी पायरी: खोलीत शिरणं

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना एकच भीती असते: आत जाऊन बोलू काय? त्याआधीच्या चार गोष्टी नीट केल्या की अर्धं काम होतं. नर्सला विचारा, आत्ता जाऊ का. दारावरची पाटी वाचा. आयसोलेशन, म्हणजे संसर्गामुळे रुग्णाला वेगळं ठेवलेलं, असेल तर गाऊन, हातमोजे, मास्क. हात सॅनिटाइझ करा. दार वाजवा आणि उत्तराची वाट बघा.

आत गेल्यावर नाव सांगा, चॅप्लेन टीममधून आले आहे म्हणा, आणि विचारा: "थोडा वेळ बसू का?" रुग्ण 'नको' म्हणाला तर मनापासून "बरं, काही हरकत नाही" म्हणून बाहेर या. सुई टोचणाऱ्याला, तापमान घेणाऱ्याला, पहाटे चारला उठवून रक्त काढणाऱ्याला त्याला सहसा नको म्हणता येत नाही. दिवसभरात त्याने स्वतःच्या मर्जीने नाकारलेली कदाचित तुम्हीच एकमेव गोष्ट असता. तो नकार हीसुद्धा भेटच धरा.

बसायला सांगितलं तर खरंच बसा, खुर्ची ओढून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला. पलंगाच्या कडेवर बसू नका. फोन बंद.

प्रश्नांसाठी एफआयसीए नावाची चौकट शिकवतात. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी ती केली. श्रद्धा, तिचं महत्त्व, आपली माणसं, आणि उपचारात तिची दखल, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ही चार आद्याक्षरं. मराठीत मी असं विचारते: "अशा वेळी तुम्हाला धीर कशाने येतो?" "या आजारपणात त्याचा आधार वाटतोय, की त्याच्याशीच भांडण आहे?" "तुमची म्हणावी अशी माणसं कोण?" "आम्ही इथे तुमच्यासाठी काय सांभाळायला हवं?" हे फॉर्म भरल्यासारखे ओळीने विचारू नका. एका भेटीत एक प्रश्न नीट पोचला तरी पुष्कळ.

चौथी पायरी: व्हर्बेटिम

सीपीईचा गाभा हा आहे, म्हणून इथे थांबते. भेटीनंतर खोलीबाहेर येऊन, आठवेल तसा शब्दन् शब्द संवाद लिहायचा. रुग्ण काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात, कुठे शांतता होती, कुठे तुमचे हात घट्ट झाले. नाव-गाव बदलायचं. मग तो कागद गटात वाचायचा आणि पाच-सहा सहाध्यायी व शिक्षक त्यावर बोलतात. रेकॉर्डिंग कधीच करायचं नाही.

एक नमुना देते. हा खऱ्या रुग्णाचा नाही, शिकवण्यासाठी रचलेला आहे, पण अशा भेटी फार होतात. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी, हृदय कमजोर झाल्याने दाखल. प्रशिक्षणार्थी मराठी मुलगी.

रुग्ण: बाळा, माझं सगळं करून झालंय. आता त्याने न्यावं.

चॅप्लेन: असं नका म्हणू आजी. डॉक्टर म्हणालेत सुधारणा आहे.

रुग्ण: हो, ते आहेच. (खिडकीकडे बघतात.)

चॅप्लेन: देवावर विश्वास ठेवा. सगळं नीट होईल.

रुग्ण: तू जेवलीस का गं?

शेवटची ओळ दहा वेळा वाचा. आजींनी मुलीची सोय बघायला सुरुवात केली, कारण मुलगीच घाबरली आहे हे त्यांच्या लक्षात आलं. दार त्यांनी उघडलं होतं, मुलीने ते दोनदा लोटून घेतलं, आणि आजींनी मोठ्या मायेने विषय बदलला. 'असं नका म्हणू' हे वाक्य आपल्या घराघरांत प्रेमाने म्हटलं जातं, पण वॉर्डात त्याचा अर्थ होतो: मला हे ऐकवत नाही.

आता तीच जागा अशी घ्या.

रुग्ण: आता त्याने न्यावं.

चॅप्लेन: न्यावं वाटतंय, आजी.

(शांतता. बराच वेळ.)

रुग्ण: पण इथे नको गं. इथे कोण आहे? ह्यांना आमच्या नदीवर अग्नी दिला. आणि हा सगळा खर्च त्या पोराच्या डोक्यावर. तो बोलत नाही, पण रात्री हिशेब करत बसतो.

मृत्यूची भीती नव्हतीच. परक्या जागेची होती, आणि ओझं झाल्याची. आता चॅप्लेनला करण्यासारखं बरंच आहे. आजींच्या परवानगीने हे टीमला सांगता येतं. सोशल वर्करला बिलाबद्दल मुलाशी बोलता येतं. विमानप्रवास झेपेल का, एअरलाइनला लागणारं वैद्यकीय पत्र देता येईल का, हे डॉक्टरांना विचारता येतं. आणि मुलगा व आई यांना एका खोलीत बसवून एकमेकांशी बोलू देता येतं, हे सगळ्यात मोठं. या सगळ्याची किल्ली होती त्यांचाच शब्द परत म्हणून गप्प राहण्यात.

आपल्या भाषेतले काही शब्द व्हर्बेटिममध्ये फार सापडतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. 'काळजी करू नका.' 'धीर धरा.' 'त्याची मर्जी.' आणि 'भोग'. रुग्ण स्वतः म्हणाला, "माझे भोग आहेत," तर तिथे थांबून विचारा: "भोग म्हणताना मनात काय येतं?" एखाद्याला त्या शब्दात शांतता असते, एखाद्याला शिक्षा. पण तो शब्द आपण होऊन कधीही रुग्णाला देऊ नका. तीस वर्षांच्या आईला कॅन्सर झाला असताना प्रारब्धाची गोष्ट काढणारा माणूस तिला एकटं पाडतो. मी हे पाहिलं आहे. बोलणाऱ्याचा हेतू चांगला होता.

गट आणि शिक्षक

आठवड्यातून ठरलेल्या वेळी गट नुसता एकत्र बसतो, विषयाशिवाय, आणि एकमेकांशी कसं वागतोय यावर बोलतो. आपल्याला हे जड जातं. मोठ्यांसमोर उलट बोलायचं नाही, चारचौघांत रडायचं नाही, हे अंगात मुरलेलं असतं. मी पहिले पाच आठवडे गोड हसून सगळ्यांशी सहमत होत होते. शेवटी शिक्षिकेने विचारलं, "तुला राग आला की तो कुठे जातो?" उत्तर द्यायला मला आठवडा लागला, आणि त्यानंतर चिडलेल्या नातेवाइकांसमोर मी पहिल्यांदा न घाबरता उभी राहू शकले. स्वतःचा राग ज्याला दिसत नाही त्याला दुसऱ्याचा झेपत नाही, हे मी तिथे शिकले.

दुसऱ्यांच्या श्रद्धा, आणि आपल्याही

तुम्ही हिंदू असाल आणि रुग्ण कॅथलिक, मुस्लिम, ज्यू, बौद्ध, नास्तिक. बहुतेक वेळा तुमच्या धर्माचा प्रश्न येतच नाही. येतो तेव्हा काय करायचं, ते आधी ठरवून ठेवा. कॅथलिक रुग्णाला आजारपणातला तैलाभ्यंगाचा संस्कार हवा असेल तर तो फक्त पाद्रीच करू शकतो. ऑन-कॉल पाद्र्यांचा नंबर पाठ हवा. मात्र मरणाच्या दारातल्या बाळाचा बाप्तिस्मा, पाद्री पोचत नसेल तर, योग्य हेतू असलेला कुणीही करू शकतो, असं खुद्द कॅथलिक चर्चचा नियम सांगतो. नवजात बाळांच्या आयसीयूत रात्री तीनला आईवडील तुमच्याकडे बघतील. तुम्ही कराल का? की ख्रिस्ती नर्सला विनंती कराल? दोन्ही चालतं, पण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. माझ्यापुरतं मी ठरवलं आहे: नर्सला बोलावते आणि बाळाच्या आईचा हात धरून शेजारी उभी राहते.

मुस्लिम कुटुंबाला दफन लवकर हवं असतं, तेव्हा कागदपत्रांची घाई तुम्ही करा. ज्यू कुटुंबात मृतदेह एकटा ठेवत नाहीत. महाराष्ट्रातून आलेल्या बौद्ध कुटुंबाला 'हिंदूच ना' समजून गीता देऊ नका. त्यांना त्रिशरण-पंचशील हवं असेल. विचारा.

आणि आपल्या माणसांसाठी वॉर्डात तुमच्याइतका उपयोगी कुणी नसतो. एमआरआयआधी मंगळसूत्र काढावंच लागतं. शस्त्रक्रियेआधीही बहुधा काढायला सांगतात. ते कुणाच्या हातात द्यायचं हे त्या बाईला ठरवू द्या. जानवं आधी विचारल्याशिवाय कापू नये, हे नर्सना समजावा. शेवटच्या क्षणी तुळस-गंगाजल हवं असेल तर गिळण्याची ताकद आहे का ते नर्सला विचारा. नसेल तर ओल्या बोळ्याने ओठांना लावता येतं. ऑक्सिजन चालू असताना निरांजन, उदबत्ती अजिबात नाही. बॅटरीवरची पणती ठेवा. हरिपाठ फोनवर, उशाजवळ, हळू आवाजात. शुद्धीवर नसलेल्या माणसापाशीही तो लावा.

एक सावधगिरी. मराठी येतं म्हणून डॉक्टर तुम्हालाच दुभाषा करू पाहतील. निदान, संमतीपत्र, शस्त्रक्रियेचे धोके यांसाठी नम्रपणे नाही म्हणा. हॉस्पिटलाने प्रशिक्षित दुभाषा द्यायचा असतो, फोनवर मराठी दुभाषा मिळतो. तुम्ही वैद्यकीय शब्द चुकवलात तर नुकसान रुग्णाचं. शिवाय वाईट बातमी तुमच्या तोंडून गेली, की नंतर रडायला त्याला तुमच्याजवळ येता येत नाही.

नोंद लिहिणं

भेटीची नोंद रुग्णाच्या फाइलमध्ये जाते आणि पूर्ण टीम ती वाचते. रुग्णही वाचू शकतो. म्हणून चार ओळी: काय दिसलं, रुग्णाला कशाचा आधार आहे, काय केलं, पुढे काय. 'मुलाशी वीस वर्षं अबोला, कारण जमीन' हे लिहायचं नाही. 'कुटुंबातील दुरावा हा ताणाचा मोठा भाग. सोशल वर्करशी बोलायला तयार' हे लिहायचं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकली तर मात्र ती गुप्त ठेवता येत नाही. त्याच मिनिटाला नर्सला सांगा, आणि सांगणार आहे हे रुग्णालाही सांगा.

एका युनिटनंतर

बरेच जण एका युनिटवर थांबतात, आणि ते व्यर्थ नसतं. पूर्णवेळ नोकरी आणि चॅप्लेनांच्या व्यावसायिक बोर्डाचं प्रमाणपत्र हवं असेल तर चार युनिटं, पदव्युत्तर शिक्षण आणि आपल्या धर्मसंस्थेचं अनुमोदनपत्र लागतं. हिंदूंना अडतं ते इथे, कारण आपल्याकडे चर्चसारखी एक मध्यवर्ती संस्था नाही. अलीकडे काही हिंदू संस्था असं पत्र देऊ लागल्या आहेत; पहिल्या युनिटातच चौकशी सुरू करा, शेवटी नको.

महाराष्ट्रात करायचं असेल तर

चॅप्लेन हे पद आपल्याकडे बहुतेक मिशन हॉस्पिटलांपुरतंच आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चॅप्लेनांचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे सीपीईही शिकवतात. बाकी ठिकाणी हे काम पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, दाराने करता येतं. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. कोझिकोडमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या कामातून केरळात शेजारपाजारच्या साध्या माणसांना शिकवून रुग्णांच्या घरी पाठवण्याची पद्धत वाढली. ती जाऊन बघण्यासारखी आहे.

आपल्या वॉर्डात पहिल्या दिवशी डॉक्टरांच्याही आधी मामा आणि मावशींना भेटा. चादर बदलताना, पॅन देताना, रात्री दिवा मालवताना रुग्ण त्यांच्याशी बोललेला असतो. कुणाला घरून कुणी भेटायला येत नाही, कोण रात्रभर जागा होता, कोण डबा न खाता परत पाठवतो, हे त्यांना माहीत असतं. कुठल्या खाटेपाशी आधी बसायचं, ते मावशी सांगतील.